जपानचे वसंतारंभीचे सण आणि नवे पंचांग

सण तिथीने ठरतो की ऋतूने, हा प्रश्न आपल्याकडे सहसा कोणी विचारीत नाही. कारण तो विचारण्याची पाळी आपल्यावर फारशी आलीच नाही. चैत्र शुद्ध प्रतिपदेस कडुनिंबाची कोवळी पालवी हाताशी असते, होळी पेटते त्या रात्री आकाशात पूर्ण चंद्र असतो, आणि कोजागरीस दूध आटवावयाचे ते चांदण्यातच. तिथी आणि ऋतू ही जोडी अधिक मासाच्या युक्तीने एकत्र बांधलेली असल्यामुळे यांपैकी कोणाचा मान मोठा हे ठरविण्याचे कारण पडत नाही. परंतु ही जोडी एखाद्या दिवशी अचानक फुटली तर सणाने कोणाबरोबर जावे? अंकाबरोबर, चंद्राबरोबर, सूर्याबरोबर, की फुलाबरोबर? जपानी लोकांपुढे हा प्रश्न १८७३ साली खरोखरीच उभा राहिला. तो त्यांनी निरनिराळ्या सणांच्या बाबतीत निरनिराळ्या रीतीने सोडविला. काही ठिकाणी तर तो अद्याप सुटलेलाच नाही. जपानच्या वसंतारंभीच्या सणांचा इतिहास या दृष्टीने पाहिला असता ते केवळ परदेशचे कौतुक राहत नाही, तर सण या वस्तूचा प्राण नेमका कोठे असतो, याचा एक बोलका दाखलाच आपणांस मिळतो.

जपानचे जुने पंचांग आपल्या पंचांगाचे लांबचे भावंड शोभावे असे होते. ते मूळ चीनचे. इसवी सन ८६२ पासून १६८४ पर्यंत, म्हणजे आठ शतकांहून अधिक काळ, चीनमध्ये तयार झालेले एकच गणित जपानात चालत होते. पुढे १६८५ साली शिबुकावा शुंकाई या ज्योतिषाने प्रथमच स्वदेशी वेध घेऊन बसविलेले पंचांग सरकारमान्य झाले. महिने चांद्र, अमावास्येचा दिवस हा महिन्याचा पहिला दिवस आणि पौर्णिमा पंधराव्याच्या सुमारास. सौर वर्षाशी मेळ राहावा म्हणून मधून मधून तेरावा महिना घालावयाचा. शिवाय सूर्याच्या गतीवरून वर्षाचे चोवीस भाग पाडलेले असत आणि पेरणी, लावणी इत्यादी कामांसाठी शेतकरी त्यांच्यावर नजर ठेवी. यांपैकी वसंताचा आरंभ दाखविणारा दिवस तो ‘रिश्शुन’. तो आजच्या गणनेने ४ फेब्रुवारीच्या आसपास येतो. जुन्या वर्षाचा पहिला दिवसही २१ जानेवारी ते २० फेब्रुवारी यांच्या दरम्यान पडत असल्यामुळे नववर्ष आणि वसंत हे शेजारी होते, क्वचित एकाच दिवशी येत, पण बहुधा पुढेमागे होत. वसंत जुन्या वर्षातच येऊन पोचला तर सरत्या वर्षास काय म्हणावे, ही गंमतीची अडचण ‘कोकिन-शू’ या इ. स. ९०५ च्या सुमारास संकलित झालेल्या राजमान्य काव्यसंग्रहाच्या अगदी पहिल्याच कवितेचा विषय आहे. जपानी मनात नववर्ष व वसंत यांचे नाते किती घट्ट होते, हे एवढ्यावरून ध्यानी येईल.

ही सारी व्यवस्था मोडण्याचा हुकूम ९ डिसेंबर १८७२ रोजी निघाला. जुन्या बाराव्या महिन्याचे दोनच दिवस होऊ द्यावयाचे आणि तिसऱ्या दिवसास १ जानेवारी १८७३ म्हणावयाचे, असे त्यात फर्माविले होते. प्रजेस मिळालेली मुदत तेवीस दिवसांची. पुढील वर्षाची पंचांगे छापून तयार होती. ती सारी रद्दी झाली. वर्षअखेरीस देणीघेणी मिटविण्याची रीत होती, ती अखेरच जवळजवळ चार आठवडे अलीकडे धावून आली. पाश्चात्य राष्ट्रांशी व्यवहार सुकर व्हावा हे कारण पुढे करण्यात आले, आणि ते खोटेही नव्हते. परंतु एवढी घाई का, याचे उत्तर त्या वेळी तिजोरीचा कारभार पाहणाऱ्या ओकुमा शिगेनोबु याने पुढे आपल्या आठवणींत मोकळेपणाने दिले आहे. सरकारी नोकरांस नुकतेच मासिक वेतन सुरू झाले होते. आणि जुन्या पंचांगाप्रमाणे १८७३ सालात अधिक महिना येत होता, म्हणजे तेरा वेतने द्यावी लागणार होती. पंचांग बदलताच तेरावे वेतन वाचले, आणि दोन दिवसांच्या बाराव्या महिन्याचे वेतन तरी कशास द्यावयाचे, असे म्हणून तेही वाचविले. बाराशे वर्षांच्या कालगणनेवर अखेरचा घाव पडला तो असा जमाखर्चाच्या वहीतून!

घाईची खूण खुद्द हुकुमातच राहून गेली. चार वर्षांनी एकदा वाढीव दिवस धरावा एवढेच त्यात लिहिले होते. शतकाच्या अखेरीस येणाऱ्या वर्षांचा अपवाद, जो ग्रेगोरियन पंचांगाचा मुख्य विशेष, तो मुळी नमूदच केला नव्हता. ही चूक १८९८ साली, म्हणजे १९०० साल उंबरठ्याशी आले तेव्हा, स्वतंत्र हुकूम काढून दुरुस्त करावी लागली. लोकांची समजूत पाडण्याचे काम सरकारपेक्षा फुकुझावा युकिची या लेखकाने अधिक चांगले केले. सौर व चांद्र गणनांतील भेद सांगणारे त्याचे लहानसे पुस्तक, ‘काइरेकीबेन’, १८७३ च्या आरंभीच निघाले आणि ते फार मोठ्या प्रमाणावर खपले. नव्या पंचांगास भिणारा तो अडाणी, असा त्याचा रोखठोक अभिप्राय होता. इकडे खेड्यांतून मात्र निराळेच वारे वाहत होते. त्याच वर्षी सक्तीची लष्करभरती, शाळा, कर इत्यादींविरुद्ध जी शेतकऱ्यांची बंडे झाली, त्यांतील काहींच्या मागण्यांत जुने पंचांग परत द्या हीही एक मागणी होती.

सरकार तेवढ्यावर थांबले नाही. ४ जानेवारी १८७३ रोजी दुसरा हुकूम निघून ‘पाच सण’ रद्द झाले. हे पाच सण तोकुगावा शोगुनांच्या काळात सरकारमान्य होते: पहिल्या महिन्याची सातवी तिथी, तिसऱ्याची तिसरी, पाचव्याची पाचवी, सातव्याची सातवी आणि नवव्याची नववी. त्यांच्या जागी पहिला सम्राट जिम्मु याच्या राज्यारोहणाचा दिवस व विद्यमान सम्राटाचा जन्मदिवस हे नवे सण आले. यांतील पहिल्याचा अनुभव मोठा मासलेवाईक आहे. तो प्रथम २९ जानेवारी १८७३ रोजी साजरा झाला. आणि नेमका तोच दिवस जुन्या पंचांगाप्रमाणे वर्षप्रतिपदेचा होता. लोकांनी आनंदाने सण केला खरा, पण तो सम्राट जिम्मुचा नव्हे, तर आपल्या जुन्या नववर्षाचा, असा सरकारास दाट संशय आला. त्याच वर्षी तो दिवस हलवून ११ फेब्रुवारीवर नेण्यात आला. प्रजेच्या मनातील पंचांग अद्याप पुसले गेलेले नाही, याची ही सरकारने स्वतःच दिलेली कबुली होय.

आता मुख्य गोष्टीकडे वळू. पंचांग बदलेपर्यंत प्रत्येक सण अनेक दोऱ्यांनी एकाच वेळी बांधलेला होता. तिथीचा अंक, चंद्राची कला, सूर्याचे स्थान, शेतातील काम, झाडावरील फूल, हे सारे दोरे एका गाठीत असल्यामुळे कोणता दोरा भार पेलतो आहे ते दिसत नसे. गाठ सुटली तेव्हा ते दिसले. वसंतारंभीच्या सणांत हा फरक विशेष ठळकपणे उमटला. कारण त्या दिवसांत तीन-चार आठवड्यांच्या अंतराने हिमाच्या जागी फूल येते.

जे सण मुळात सूर्याला बांधलेले होते त्यांना धक्काही लागला नाही. यांतील प्रमुख ‘सेत्सुबुन’. शब्दशः हा ऋतुसंधी. रिश्शुनच्या आदल्या दिवशीची संध्याकाळ. या वेळी घरोघर भाजलेले सोयाबीनचे दाणे दारातून बाहेर आणि घरात फेकतात, आणि राक्षसांनो बाहेर व्हा, सुभाग्या आत ये, अशी आरोळी देतात. मग आपल्या वयाइतके दाणे प्रत्येकाने खावयाचे. दाणे भाजलेलेच हवेत. कारण अपशकुन ज्यांच्याबरोबर बाहेर टाकला ते दाणे पुन्हा उगवता कामा नयेत. दारावर काटेरी पानांची डहाळी आणि तीवर भाजलेल्या तारली माशाचे डोके खोवून ठेवण्याचीही रीत आहे. काट्याने राक्षसाचा डोळा फुटावा आणि वासाने तो पळावा, ही त्यातील कल्पना.

या विधीचे मूळ चिनी दरबारी भूतोच्चाटनात आहे. इ. स. ७०६ मध्ये साथीच्या रोगाने प्रांतोप्रांती माणसे मेली तेव्हा मातीचे बैल करून मोठे उच्चाटन केले, अशी नोंद ‘शोकु निहोंगी’ या राजकीय बखरीत आहे. पुढे क्योतोच्या राजवाड्यात ते दर वर्षाच्या अखेरच्या रात्री होऊ लागले. चार डोळ्यांचा सोनेरी मुखवटा घातलेला एक अधिकारी ढाल आपटीत अदृश्य राक्षसांस हाकून लावी. मौज अशी की, कालांतराने लोक त्या मुखवट्यालाच भिऊ लागले आणि हाकणाराच राक्षस ठरून बाहेर हाकला जाऊ लागला! दाणे फेकण्याची चाल पंधराव्या शतकातील रोजनिशांत आढळते. आरोळीतही स्थलभेद आहेत. तोक्योच्या सेन्सो-जी या देवालयात राक्षसांस बाहेर घालवीत नाहीत, कारण करुणामूर्ती कान्नोन, म्हणजे आपला अवलोकितेश्वर, याच्यापुढे राक्षस उरतच नाही. योशिनोच्या किंपुसेन-जी मंदिरात तर सुभाग्याबरोबर राक्षसांनाही आत बोलावितात. हा सण नव्या पंचांगात बहुधा ३ फेब्रुवारीस येतो, म्हणून तो त्या अंकाचाच आहे असे पुष्कळांस वाटू लागले होते. परंतु २०२१ साली तो २ फेब्रुवारीस आला, आणि असे १८९७ नंतर प्रथमच, म्हणजे १२४ वर्षांनी घडले. सेत्सुबुन अंकाचा नोकर नाही, तो सूर्याचा मानकरी आहे, याचे स्मरण तेव्हा सर्वांस झाले.

दुसरा सूर्यनिष्ठ सण ‘हिगान’. वसंतसंपात मध्ये धरून सात दिवस हा पाळतात. पूर्वजांच्या थडग्यांची साफसफाई करावयाची, फुले व धूप वाहावयाचा, आणि तांदळाच्या गोळ्यावर गोड लाल चवळीसारख्या कडधान्याचे पुरण लावून केलेला पदार्थ नैवेद्यास ठेवावयाचा. नावाचा अर्थ ‘ते तीर’, अर्थात पैलतीर. आणि हा शब्द संस्कृतातील ‘पारमिता’ या बौद्ध संकल्पनेच्या चिनी भाषांतरातून आला आहे. संपाताच्या दिवशी सूर्य नेमका पश्चिमेस मावळतो, आणि अमिताभ बुद्धाचे स्वर्गही पश्चिमेसच. म्हणून पैलतीराच्या चिंतनाला हाच दिवस. इ. स. ८०६ मध्ये अन्यायाने मेलेल्या एका राजपुत्राच्या आत्म्यास शांती मिळावी म्हणून प्रांतोप्रांतीच्या मठांत वसंत व शरद ऋतूंत सात सात दिवस सूत्रपठणाची आज्ञा झाली. हिगानची सर्वांत जुनी नोंद ती हीच. पंचांगे आली आणि गेली, पण दिवस-रात्र समान होण्याचा दिवस कोणत्याही मंत्रिमंडळास हलविता येत नाही. म्हणून हिगान होता तेथेच राहिला.

अंकाला बांधलेल्या सणांची गत याच्या उलट झाली. पहिल्या महिन्याच्या सातव्या दिवशी सात कोवळ्या रानभाज्या घालून तांदळाची पेज खाण्याचा प्रघात फार जुना आहे. बर्फ विरघळू लागलेल्या माळावर जाऊन त्या भाज्या खुडणे हा राजकुळापासून सर्वांचा वसंतारंभीचा आनंद होता आणि प्राचीन काव्यात त्याची वर्णने ठिकठिकाणी आहेत. जुनी सातवी तिथी जानेवारीच्या अखेरीपासून फेब्रुवारीच्या अखेरीपर्यंत केव्हा तरी येई. आता ती ७ जानेवारी झाली. ऐन कडाक्याच्या थंडीत माळावर हिरवे पान मिळणार कोठून? म्हणून आज गृहिणी दुकानातून सातही भाज्यांची बांधलेली पुडी आणते, आणि त्या मुद्दाम ऊब देऊन वाढविलेल्या असतात. पेज शिजते, पण खुडण्याचा आनंद गेला. हीच गोष्ट खुद्द नववर्षाची. १ जानेवारीस पाठविल्या जाणाऱ्या शुभेच्छापत्रांवर आजही ‘नव वसंत’ किंवा ‘वसंताचे स्वागत’ अशी अक्षरे असतात आणि बाहेर हिवाळा नुकताच पाय रोवीत असतो. शब्दांनी जुने पंचांग सोडले नाही. हवेला मात्र ते शब्द कळत नाहीत.

या वर्गातील सर्वांत हृद्य सण म्हणजे तिसऱ्या महिन्याच्या तिसऱ्या दिवशीचा मुलींचा बाहुल्यांचा उत्सव, ‘हिनामात्सुरी’. आज तो सजावटीचा वाटतो, परंतु त्याचे मूळ शुद्धीकरणात आहे. गवताची किंवा कागदाची मनुष्याकृती करावयाची, ती अंगावरून फिरवून आपले दोष व रोग तिच्यावर उतरवावयाचे, आणि तिला पाण्यात सोडून द्यावयाचे. अकराव्या शतकाच्या आरंभी मुरासाकी शिकिबु हिने लिहिलेल्या ‘गेंजीची कथा’ या कादंबरीत, हद्दपारीत असलेला नायक सुमाच्या किनाऱ्यावर तिसऱ्या महिन्यात असाच विधी करवून बाहुली नावेत घालून समुद्रात सोडतो. त्याच काळात सरदारांच्या मुली निराळ्याच लहान बाहुल्यांशी घरघर खेळत. वाहून देण्याची बाहुली आणि जपून ठेवण्याची बाहुली या दोहोंचा कालांतराने संगम झाला आणि एदोच्या शांततेच्या काळात पायऱ्यापायऱ्यांच्या मांडणीवर सम्राट-सम्राज्ञी, दासी, वादक असा सारा दरबार बसू लागला.

व्यापारी घराण्यांत या बाहुल्यांची चढाओढ इतकी वाढली की, १७२१ साली शोगुन सरकारने आठ सुन, म्हणजे सुमारे २४ सेंटीमीटर, यांहून उंच बाहुल्या करण्यास मनाई केली. पुढे त्या शतकाच्या अखेरीस अशीच कडक काटकसर पुन्हा आली, तेव्हा कारागिरांनी हुकुमावर अशी मात केली की, बोटाच्या पेराएवढ्या बाहुल्या घडविल्या आणि त्यांवर मोठ्यांपेक्षाही बारीक व महाग काम केले! उंचीचा कायदा पाळला गेला. हौस मात्र जशीच्या तशी राहिली.

या सणाचे दुसरे नाव ‘पीचच्या फुलांचा सण’. जुनी तिसरी तिथी मार्चच्या अखेरच्या दिवसांपासून एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत पडे आणि तेव्हा पीच खरोखरच फुललेले असे. ३ मार्चला तोक्योच्या आसपास पीचच्या फांदीवर कळीच असते. म्हणून बाहुल्यांपुढील फुले उष्णगृहातून आणावी लागतात. आणखी एक धागा असाच तुटला, तो तितका चटकन ध्यानात येत नाही. या दिवशी शिंपल्यांतील कालवांचे सार करतात. का? चांद्र महिन्याची तृतीया अमावास्येलगतची. तेव्हा समुद्रास उधाणाची भरती येते आणि तशीच दूरवर ओहोटीही लागते, आणि वसंतात ही मोठी ओहोटी भर दिवसा येते. बायकामुले उघड्या पडलेल्या वाळूत उतरून शिंपले वेचीत. तोच सणाचा विहार, आणि तेच रात्रीचे जेवण. ओकिनावा बेटांत आजही जुन्या तिसऱ्या तिथीसच स्त्रिया समुद्रावर जाऊन पाण्याने अंगशुद्धी करतात. इतरत्र सार राहिले आणि ओहोटी हरवली. कारण ३ मार्चला चंद्र कोणत्याही कलेचा असू शकतो.

तरीही हा सण जगला, हे विसरता कामा नये. सरकारने तो रद्द केला. त्यास सुटी नाही, राजाश्रय नाही. १९४८ च्या सुट्यांच्या कायद्यात मुलांच्या पाचव्या महिन्यातील सणाचा दिवस, ५ मे, हा सर्व बालकांचा दिन म्हणून राष्ट्रीय सुटीत घेण्यात आला. ३ मार्च मात्र कामाचाच दिवस राहिला. आईच्या पेटाऱ्यात गुंडाळून ठेवलेल्या बाहुल्या फेब्रुवारीत बाहेर निघतात, मुलगी त्या हळूच पायऱ्यांवर मांडते, आणि सण संपताच त्या तत्परतेने पुन्हा आत जातात. कारण आवरण्यास उशीर केला तर मुलीचे लग्न लांबते, असा समज. राजाज्ञेने जे मोडले ते घरातील स्त्रियांनी कोणाशी वाद न घालता चालू ठेवले.

चंद्राला बांधलेल्या सणाचे नुकसान सर्वांत मोठे झाले. पहिल्या महिन्याची पौर्णिमा हे ‘लहान नववर्ष’, कोशोगात्सु. मोठे नववर्ष दरबाराचे व शिष्टाचाराचे; हे शेतकऱ्यांचे. लाल कडधान्याची पेज खावयाची, दारावरच्या नववर्षाच्या माळा गोळा करून शेतात होळीसारखा मोठा जाळ करावयाचा, वर्षाच्या पिकाचे शकुन पाहावयाचे, आणि हे सारे वर्षातील पहिल्या पूर्ण चंद्राखाली. १५ जानेवारीवर येताच चंद्र नाहीसा झाला. नोझावा येथील प्रसिद्ध अग्न्युत्सव १५ जानेवारीसच होतो. तेथे जाळ आहे, हिम आहे, पण पौर्णिमा असेलच असे नाही. आकिता प्रांतातील ‘नामाहागे’, म्हणजे मुखवटे घालून घरोघर जाऊन आळशी मुलांस दटावणारे देवदूत, हे मूळचे याच रात्रीचे. ते आता ३१ डिसेंबरला येतात. त्याच प्रांतातील योकोते गावाने दुसरी वाट धरली. तेथे बर्फाच्या घुमट्या करून त्यांत जलदेवतेची स्थापना करतात आणि आत बसलेली मुले येणाऱ्याजाणाऱ्यास गरम गोड पेय देतात. हा उत्सव आज फेब्रुवारीच्या मध्यास होतो: चंद्र सोडला, पण ऋतू धरून ठेवला.

एक महिना पुढे ढकलण्याची ही युक्ती जपानात पुष्कळ ठिकाणी वापरली गेली आणि तिचे सर्वांत भव्य उदाहरण नारा येथील तोदाइ-जी मठात आहे. तेथील ‘शुनीए’ या नावाचा अर्थच ‘दुसऱ्या महिन्यातील अनुष्ठान’, आणि ज्या मंदिरात ते होते त्याचे नावही ‘दुसऱ्या महिन्याचे मंदिर’. पण ते आज १ ते १४ मार्च या काळात चालते. इ. स. ७५२ मध्ये जित्चु या भिक्षूने ते सुरू केले. त्याच वर्षी त्या मठातील महाबुद्धाच्या मूर्तीचे नेत्रोन्मीलन झाले, आणि ते करणारा आचार्य भारतातून गेलेला बोधिसेन हा होता. अकरा भिक्षू कान्नोनपुढे सर्व लोकांच्या वतीने पापांची क्षमा मागतात. रात्री प्रचंड मशाली मंदिराच्या सज्जावरून फिरवितात आणि खाली जमलेले लोक ठिणग्या अंगावर पडाव्यात म्हणून धडपडतात. बाराव्या दिवसाच्या उत्तररात्री विहिरीतून पवित्र जल काढतात. ते जल वाकासा प्रांतातून भूमिगत वाटेने येते अशी श्रद्धा असून, तेथील ओबामा गावी २ मार्चला ते नदीत ‘रवाना’ करण्याचा विधी होतो. १६६७ साली याच अनुष्ठानाच्या काळात मंदिर जळून गेले, तरी क्रम तुटला नाही. २०२१ साली १२७० वे अनुष्ठान झाले. पंचांग बदलले तेव्हा या भिक्षूंनी नावापेक्षा ऋतूस अधिक मानले. नावात ‘दुसरा महिना’ राहिला, आणि नाराच्या लोकांची म्हण आजही खरी ठरते, की पाणी काढल्याखेरीज थंडी जात नाही.

खेड्यांनी जुने पंचांग किती काळ जपले याचीही कथा उद्बोधक आहे. सरकारी पंचांगातून शुभाशुभ मुहूर्त वगळले गेले, तेव्हा ते सांगणारी चोरटी पंचांगे निघू लागली. छापणारा कोण, ठिकाण कोणते, याचा पत्ता लागू नये म्हणून दरवेळी नाव बदलत. लोकांनी त्यांस ‘भुताटकीची पंचांगे’ असे नाव दिले. खुद्द सरकारासही १९०९ सालापर्यंतच्या अधिकृत पंचांगात नव्या दिनांकाशेजारी जुनी तिथी छापणे भाग पडले. ती १९१० पासून गेली, तरी दुसऱ्या महायुद्धानंतरही कित्येक गावांत नववर्ष दोनदा होत असे: एकदा शाळा व कचेरीसाठी, आणि एकदा देवासाठी. ओकिनावातील इतोमान या कोळ्यांच्या गावी आजही जुने नववर्ष होते, आणि ते स्वाभाविकच आहे. ज्याचे पोट भरती-ओहोटीवर, त्याने चंद्र कसा सोडावा? तोत्तोरी प्रांतातील मोचिगासे येथे मुली कागदी बाहुल्या नदीत सोडतात, त्याही जुन्या तृतीयेसच. तेथे पीच अजून वेळेवर फुलतो.

आपल्याकडे इंग्रजी अमदानीत कचेऱ्यांचे पंचांग बदलले, परंतु सणांस कोणी हात लावला नाही. महाराष्ट्रात पंचांगाचा वाद झाला तो निराळा. केरो लक्ष्मण छत्रे यांनी एकोणिसाव्या शतकात वेधांशी जुळणारे गणित पुढे आणले, आणि शंकर बाळकृष्ण दीक्षितांसारख्या विद्वानांनी सायन गणनेचा पुरस्कार केला. आकाशात जे दिसते ते पंचांगात असावे, आणि सणाने ऋतू सोडू नये, ही या चळवळीमागील तळमळ होती. मकरसंक्रांत आणि सूर्याचे प्रत्यक्ष उत्तरायण यांत आज सुमारे तीन आठवड्यांचे अंतर आहे, हे लक्षात घेतले म्हणजे त्या तळमळीचा अर्थ कळतो. १९५७ साली भारत सरकारने राष्ट्रीय सौर दिनदर्शिका स्वीकारली. ती राजपत्रात राहिली आणि सण पंचांगात राहिले. जपानने सण नव्या अंकांवर बसविले, आपण दोन पंचांगे शेजारी नांदू दिली. यांतील एक मार्ग शहाणपणाचा व दुसरा मूर्खपणाचा, असे म्हणता येणार नाही. जपान्यास गुंतागुंत नको होती, त्याची किंमत त्याने फुलांत मोजली. आपण फुले ठेवली, त्याची किंमत दर वर्षी तिथीच्या घोळात मोजतो.

परंतु जपानच्या या दीडशे वर्षांच्या अनुभवातून एक गोष्ट मात्र निश्चित हाती लागते. सणाचा दिवस हुकुमाने हलविता येतो, ऋतू हलविता येत नाही. आणि दोहोंत अंतर पडले की सणाचे काय होणार हे शेवटी तो करणारी माणसे ठरवितात. कोठे भिक्षूंनी अंक सोडून थंडीचा शेवट राखला, कोठे कोळ्यांनी चंद्र राखला, आणि कोठे आयांनी फूल व ओहोटी दोन्ही गमावून केवळ बाहुली राखली. या शेवटच्यांचे कौतुक अधिक वाटते. त्यांच्यापाशी ना मंदिर होते ना समुद्र. पंचांगाने त्यांचा दिवस नेला, सरकारने मान नेला, हवेने पीचची फुलेही नेली. तरी दर फेब्रुवारीत पेटारा उघडतोच. ज्या सणास घरात करणारे कोणी आहे, त्यास राजपत्रात जागा मिळाली नाही तरी चालते.